पाणी गोडं आहे, पण त्यात काय आहे?

मालवणजवळच्या आमच्या गावात ग्रामसभा सध्या एकाच विषयावर तापते: सांडपाणी शुद्ध करणारा छोटा प्रकल्प करायचा की नाही, आणि करायचा तर कुठल्या वाडीत. वास येईल, पाहुणे येणार नाहीत, आमच्याच वाडीत का, असे आक्षेप आहेत. परवा फोनवर दादा म्हणाला, "पाणी आमचा गोडाच आसा, तू काय काळजी करू नको." त्या ‘गोडाच’ची मला धास्ती वाटते. सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेट या नायट्रोजनच्या अपायकारक क्षाराला चव नसते, वास नसतो, रंगही नसतो.

मी राहतो ते लॉस ओसॉस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मोरो बे खाडीच्या काठी आहे. वस्ती १४ हजारांच्या आसपास. पिण्याचं पाणी पायाखालच्या वाळूतून उपसायचं आणि घरोघरच्या सेप्टिक टाक्यांचं पाणीही त्याच वाळूत झिरपू द्यायचं, असं इथे वर्षानुवर्षं चाललं. भूजलात नायट्रेट वाढलं. १९८३मध्ये जलनियंत्रण मंडळाने नव्या टाक्यांवर बंदीचा ठराव केला. मग सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प करायचं ठरलं, आणि वाद पेटला तो मुख्यतः त्याच्या जागेवरून आणि खर्चावरून. २००५मध्ये गावाच्या मधोमध काम सुरू झालं, लोकांनी मतदान करून गावाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या तीन सदस्यांना पदावरून हटवलं, काम थांबलं. पुढच्या वर्षी ती संस्था दिवाळखोरीत गेली. अखेर काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, काम हाती घेतलं, जागा गावाबाहेर नेली आणि प्रकल्प २०१६मध्ये सुरू झाला. ३३ वर्षं गेली, खर्च सुमारे १८ कोटी डॉलरवर पोचला. पेन्शनवर जगणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना तो भार अजून जाणवतो.

गावाच्या मधोमध नको म्हणणारे चुकीचे नव्हते, असं मला आजही वाटतं. पण जागेचं भांडण कुदळ पडण्याआधी संपवायला हवं होतं.

आमच्या अंगणातली टाकी बंद केली तो दिवस मला लख्ख आठवतो. गाडी आली, मैला उपसला आणि रिकाम्या टाकीत वाळू भरली. वरून माती लोटली तेव्हा कळलं, इतकी वर्षं आपण काय जमिनीत सोडत होतो.

प्रकल्पातली खरी करामत नायट्रोजन काढण्याची आहे. साधा प्रकल्प घाण कुजवतो, पाणी नितळ करतो, पण नायट्रोजन बराचसा राहतोच. इथे आधी हवा देऊन जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट करून घेतात. मग हवा तोडतात. तेव्हा दुसरे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढतात आणि नायट्रोजन वायू होऊन आकाशात निघून जातो. त्यानंतर कापडी गाळण्या, अतिनील प्रकाश, आणि ते पाणी गावावरच्या उतारावर जमिनीत पुन्हा मुरवतात. समुद्राचं खारं पाणी आत सरकू नये, म्हणून गोड्या पाण्याचा तो रेटा लागतोच.

आपल्याकडे वाळू नसली तरी जांभा आहे, आणि जांभा चाळणीसारखा. पर्यटकांसाठी घरगुती निवास वाढले, खोलीगणिक संडास-न्हाणी वाढली, आणि शोषखड्ड्यापासून विहीर किती लांब हे कुणी मोजत नाही. इथला खर्च आपल्याला झेपणार नाही, हे मी मान्य करतो. झेपायची गरजही नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली, वनस्पतींच्या वाफ्यातून पाणी शुद्ध करणारी फायटोरिड पद्धत वाडीपुरती करता येते. तिला वीजही कमी लागते. न्हाणीचं पाणी केळीच्या बुंध्याशी सोडायची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच; ती पाळणारी माणसं पाण्याचा पुनर्वापर शिकायला कॅलिफोर्नियात आली नव्हती.

गावकऱ्यांचा एक संशय मात्र रास्त आहे: प्रकल्प उद्‌घाटनापुरता चालतो आणि वीजबिल थकलं की कुलूप लागतं. ठेकेदार कोण, पंप कोण चालवणार, बिल कोण भरणार, हे ग्रामसभेने ठरावात लिहून घ्यावं. दर महिन्याचा पाण्याचा अहवाल पंचायतीच्या फलकावर लावावा. ‘नको’ म्हणण्यापेक्षा या मागण्या जास्त जड आहेत.

दादाला मी एवढंच सांगितलंय, आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत दे आणि नायट्रेट तपासून घे. भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एकदा मे महिन्यात तपास, एकदा पाऊस सरल्यावर. मग तो कागद घेऊन ग्रामसभेत जा.