एअर फिल्टर कंपनीचाच का? एका चिडलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, दुचाकीचा एअर फिल्टर आणि ब्रेक शू कंपनीचेच घ्या, या माझ्या लेखावर प्रतिक्रिया मोठी लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीचे आणि बाहेरचे पार्ट एकाच कारखान्यात बनतात, फरक फक्त खोक्याचा आणि किमतीचा. तुम्ही दिवसभर डिलिव्हरीची गाडी चालवता, ब्रेक शू आणि एअर फिल्टर लोकल टाकता, आजवर काही झालेलं नाही. आणि मी शोरूमचा दलाल आहे.

दलालीचं आधी आटपतो. त्याच लेखात मी चेन किट (चेन आणि पुढचं-मागचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट), प्लग, बॅटरी आणि बेअरिंग खुशाल बाहेरून घ्या असं लिहिलंय. असला दलाल कुठलं शोरूम पोसेल?

कारखान्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि बराचसा खराही आहे. गाडीवर जिचं नाव असतं ती कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. आपल्या संभाजीनगरची एन्ड्युरन्स गाडी कंपन्यांना ब्रेक, क्लच, शॉकअप पुरवते आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकते. रोलॉन, डायमंड या चेन नव्या गाड्यांवरही येतात आणि नाना पेठेत काउंटरवरही मिळतात. बेअरिंगचं तर काम आणखी सोपं. 6301 नंबरचं बेअरिंग म्हटलं की आतलं भोक 12 मिमी, बाहेरचा व्यास 37, जाडी 12. मेक, म्हणजे ब्रँड कुठलाही असो, माप तेच. मग एसकेएफसारख्या चांगल्या मेकचं बेअरिंग सरळ नंबर सांगून घ्यावं, कंपनीच्या पाकिटासाठी जास्तीचे पैसे कशाला? फक्त सीलचा प्रकार आणि नंबरापुढची अक्षरं जुन्याशी जुळवून घ्या.

कंपन्या पार्टच्या धंद्यात ग्राहकाला कोंडीत पकडतात, हा तुमचा रागही हवेतला नाही. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता. पार्ट बनवणाऱ्यांना ते खुल्या बाजारात विकू द्यायचे नाहीत, बाहेरच्या गॅरेजवाल्यांना पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू द्यायची नाहीत, असे आक्षेप होते. पुढे अपिलं झाली, आणि प्रकरण चारचाकीचं होतं, पण दुखणं तेच.

आता माझं म्हणणं. ‘एकाच कारखान्यातला माल’ हे तेव्हाच खरं, जेव्हा खोक्यावर त्या कारखान्याचं नाव असतं. तुम्ही नुसतं ‘लोकल’ लिहिलंय. कुठला मेक? पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-साल छापणं कायद्याने बंधनकारक आहे. काउंटरवर पारदर्शक पिशवीत नुसता स्टेपल मारून जो माल मिळतो, तो ना कंपनीचा, ना कंपनीच्या पुरवठादाराचा. आणि पुरवठादार तोच असला तरी कंपनीला दिलेल्या शूच्या लायनिंगचं (ब्रेक दाबल्यावर ड्रमला घासणाऱ्या थराचं) मिश्रण आणि बाजारातल्या शूचं मिश्रण एकच असेल, असं कुणी लिहून देत नाही.

एअर फिल्टरकडे येतो, कारण ‘कागदच तर आहे’ हे तुमचं वाक्य मला खरं खटकलं. कागद महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाची त्याच्या कडेची रबराची किंवा फोमची पट्टी. ती खाचेत चपखल बसली नाही, कडा केसभर जरी आखूड पडली, तरी धूळ कागदातून जायचे कष्ट घेतच नाही, बाजूने निघून जाते. फिल्टर काढून बघाल तर वरून स्वच्छ, आणि मागे इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या तोंडाशी बोट फिरवलं की मऊ करडी भुकटी लागते. तीच पुढे बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगा घासते. हे एका दिवसात दिसत नाही. गाडी आधी थोडं ऑइल खाते, मग मागून निळा धूर, मग मेकॅनिक सांगतो की इंजिनकाम काढावं लागेल. तोवर तो फिल्टर कोणाला आठवणार? त्यात बऱ्याच गाड्यांना आता तेलात भिजवलेल्या कागदाचा फिल्टर येतो. त्याच्या जागी कोरडा कागद मिळाला तर घेऊच नका. तो तेलात भिजवलेला फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदलायचा असतो. वॉशिंगवाल्याला हे दरवेळी सांगावं लागतं, तरी तो नळी घेऊन तयारच असतो.

ब्रेक शूबद्दल ‘काही झालं नाही’ म्हणता, पण शू सहसा एकदम दगा देत नाही. पाय थोडा जास्त दाबावा लागतो, मागच्या ब्रेकचा नट लवकर लवकर आवळावा लागतो, आणि त्याची सवय होऊन जाते. लायनिंग हलकं असेल तर लवकर संपतं. फार कडक असेल तर ड्रमला चरे पाडतं, आणि ड्रम हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच असतो. शू बदलणं दहा मिनिटांचं काम. हब बदलायचा तर स्पोकच्या चाकाचे सगळे स्पोक काढून चाक पुन्हा बांधायचं. डिलिव्हरीवाल्याचा तो अख्खा दिवस बुडाला. म्हणून माझा हिशेब खोक्याचा नाहीच. पार्ट बिघडला तर तो एकटाच जातो, की सोबत महागाचं काहीतरी घेऊन जातो, की मला घेऊन जातो, एवढंच मी बघतो. चेन किट झिजलं तर आधी आवाज करतं. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढली आणि अर्धा दात उघडा पडला, की तिन्ही वस्तू एकदम बदलायच्या. चांगल्या मेकचं घ्या, बाहेरून घ्या, काही बिघडत नाही.

कंपनीच्या नावाचं खोटं खोकंही मिळतं, हे तुमचं बरोबर आहे. त्याला माझ्याकडे उपाय एकच, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. बिल मागितल्यावर जो किंमत वाढवतो, त्याच्याकडून तर नकोच.

तुमच्या शूचा मेक मात्र कळवा. पाकीट टाकून दिलं असेल तर पुढच्या वेळी मागचं चाक काढाल तेव्हा शूच्या ॲल्युमिनियमवर बघा, चांगल्या मेकचं नाव बहुतेक तिथेच उमटवलेलं असतं.