सही करा, चहा घ्या, आरोग्य आराखडा मंजूर

आमच्या ग्रामपंचायतीला गावाच्या आरोग्याबद्दल लोकांचं मत हवं असतं. म्हणजे सही हवी असते. मत दिलंच, तर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे, म्हणून ती घेतात. कधी? 2 ऑक्टोबरच्या तोंडावर, ऐन सोयाबीन काढणीत, सकाळी अकराला. निरोप आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर. ज्या बायका दिवसाचा रोज बुडवून येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन जातो. झाली सभा! मोठ्या ग्रामसभेची तीच गत. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढी माणसं कधी जमत नाहीत, मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे लोक आले नाहीत की काम उलट सोपं होतं. लोकांनी यावं म्हणून मग कोण कशाला धडपडेल?

गेलात तरी तिथे काय होतं ते ऐका. आराखडा आधीच टाइप करून आणलेला. शीर्षक 'आरोग्यदायी गाव'. त्याखाली ओपन जिम, पेव्हर ब्लॉक आणि स्वच्छतेचे संदेश लिहिलेल्या भिंती. लग्न लावून झाल्यावर मुलीला विचारायचं, स्थळ पसंत आहे का गं? दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला ओपन जिम कशाला हवी, हे मला कुणीतरी समजावून सांगा. आणि ती बसवणार कुठे, तर तुंबलेल्या गटाराच्या कडेला. व्यायाम करता करता डासही चावून घ्या.

मी विचारलं, पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, रोज पडतं का? पाण्यात क्लोरीन उरतं का ते पाहणाऱ्या ओटी टेस्टची वही दाखवा. खालच्या आळीत पाण्याचा व्हॉल्व्ह गटारात बुडालेला आहे, पाणी सुटत नाही तेव्हा ती घाण पाइपात ओढली जाते, त्याचं काय? शौचालयांच्या व्हेंट पाइपला जाळ्या कधी बसणार? आरोग्य उपकेंद्राला कुलूप का असतं? साधे प्रश्न आहेत. उत्तर आलं, "ताई, हे आयत्या वेळच्या विषयात घेऊ." आयत्या वेळचे विषय म्हणजे अजेंड्यातला शेवटचा क्रमांक. तिथवर पोचेतो चहा आला, ठिकाण नोंदवणाऱ्या जिओ टॅगचा फोटो निघाला, पोर्टलवर चढवायला तेवढा पुरतो. मंडळी उठली.

आशाताई सगळा वेळ मागे उभी. कुणाच्या घरात ताप आहे, कुठली गरोदर बाई तपासणीला गेलेली नाही, कुणाच्या पिंपात अळ्या सापडल्या, सगळं तिला तोंडपाठ. तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. खुर्च्या मात्र तिनेच लावल्या होत्या.

"निधी नाही" हे तर पाठ केलेलं उत्तर. अहो, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के हिस्सा बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. व्हॉल्व्ह वर उचलायला आणि गटार उपसायला आणखी कुठला निधी हवा होता? 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, दूषित पाण्याचा संशय आला, तेव्हा आमच्याकडेही काही दिवस टीसीएलचा असा मारा झाला की चहालासुद्धा वास यायचा. बातम्या थांबल्या, मारा थांबला.

खरा कहर पुढे आहे. इतिवृत्त वाचलं. मी उभी राहून बोलले त्यातलं एक अक्षर नाही. "सविस्तर चर्चेअंती आराखडा सर्वानुमते मंजूर." सूचक कुणीतरी, आणि अनुमोदक म्हणून चक्क माझं नाव! ओपन जिमला मी अनुमोदन दिलंय म्हणे.

नक्कल मागितली, तर म्हणाले माहिती अधिकारात टाका. टाकतेच. आणि नकलेसोबत ओटी टेस्टच्या वहीचं प्रत्येक पान मागणार आहे. बघू कोऱ्या पानांवर एका रात्रीत किती तारखा भरता.