‘पडलं की लगेच परत घोड्यावर’ हा सल्ला मुलांच्या जिवावर बेतेल

माझी भाची राइडिंग शिकते. तिथल्या पालकांच्या ग्रुपवर ‘पडे झडे माल वाढे’ अशा मथळ्याचा एक मेसेज फिरतोय आणि ताईने तो मला पाठवून विचारलंय, यात खरं किती? मेसेज म्हणतो: मूल पडलं की लगेच परत चढवा, नाहीतर भीती कायमची बसते. शुद्ध हरपली नाही म्हणजे डोक्याला काही झालेलं नाही. मावळे कुठे हेल्मेट घालायचे? शिवाय ‘सुपरमॅन’ सिनेमातला नट ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडला तेव्हा त्याने हेल्मेट घातलं होतं, तरी तो लुळा पडलाच. आणि लागलंच तर आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवा.

पहिला सल्ला सगळ्यात घातक. डोकं आपटलेल्या मुलाचा तोल आणि प्रतिक्रियेचा वेग, दोन्ही बिघडलेले असू शकतात. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं हे कधी कधी काही तासांनी सुरू होतं. अशा मुलाला पाच मिनिटांत पुन्हा ४००-५०० किलोंच्या जनावरावर बसवायचं? ते परत पडण्याची शक्यता आपणच वाढवतोय. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं ते मुख्यतः लहान आणि किशोरवयीन मुलांत, आणि त्यात जीव जातो. खेळांतल्या कन्कशनवर, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यावर, २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले होते. त्यांचं निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात स्वच्छ म्हटलंय: नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढा, कन्कशन झालं असेल तर त्या दिवशी परत उतरवू नका. भीतीचं म्हणाल तर ती खरी असते, हे मान्य. पण ती पुढच्या आठवड्यातही घालवता येते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर शांत घोडा घ्या, सरांना लगाम धरून सोबत चालू द्या.

शुद्धीचा मुद्दा साफ खोटा. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही, आणि सीटी स्कॅनही नॉर्मल येतो.

आता हेल्मेट. मावळ्यांचं नाव घेऊन मुलांना उघड्या डोक्याने बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या काळी लढणारे जिरेटोप आणि चिलखत वापरत. १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं. ते काय भित्रेपणाने?

कसलेल्या स्वाराला हेल्मेट लागत नाही, असं वाटत असेल त्यांनी कोर्टनी किंग-डाय वाचावी. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेली अमेरिकन ड्रेसाज रायडर (ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या डौलदार हालचाली करून घेण्याचा खेळ). मार्च २०१० मध्ये सरावात तिचा घोडा अडखळून कोसळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटी फ्रॅक्चर झाली, ती कित्येक आठवडे कोमात होती. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या ड्रेसाज स्पर्धांतून टॉप हॅट, म्हणजे ती उंच शोभेची टोपी, जाऊन हेल्मेट सक्तीचं झालं ते २०२१ पासून. रीव्हची मोडली ती मान. हेल्मेट मानेसाठी नसतंच.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते: हेल्मेट घातलं की कन्कशन होतच नाही, असं नाही. डबा धड राहिला तरी धक्क्याने आतलं दही मोडतंच. हेल्मेट मुख्यतः कवटी वाचवतं, हादऱ्याचा जोर काहीसा कमी करतं. आणि मोठा आघात झाला की त्यातला फोम चेपतो, वरून तडा दिसला नाही तरी ते बदलायचं.

अंधाऱ्या खोलीची गरज नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, थोडं चालणं-फिरणं चालतं. पण पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, कानानाकातून पाणी, नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. ताई, ग्रुपवर टाकायचंच तर एवढं टाक, आणि सरांना विचार, मूल डोक्यावर पडलं तर त्या दिवशी घोड्यावर पाठवायचं नाही असा नियम तुमच्याकडे आहे का.