तत्त्व, मटार आणि हेल्मेट

‘माझं एक तत्त्व आहे,’ असं मी म्हटलं की बायको उठते आणि ओटा पुसायला लागते. ओटा आधीच लख्ख असतो.

पंचवीस वर्षांच्या संसारात मी बरीच तत्त्वं जाहीर केली. लग्नात आहेर द्यायचा नाही (मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता). झुरळ मारायचं नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडायचं. आता झुरळ निघतं नेमकं तेव्हा मी बहुधा आंघोळीला गेलेलो असतो, हा भाग वेगळा.

जानेवारीत प्लास्टिकची पाळी आली. रविवारी पोहे खाता खाता मी म्हणालो, ‘आजपासून या घरात प्लास्टिकची पिशवी येणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.’

बायको उठली. ओटा.

मी तिच्या पाठीकडे बघून बोलतच राहिलो. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पहिल्यांदा सापडलं तर ५००० रुपये दंड आहे, सगळं नाल्यातून ठाण्याच्या खाडीत जातं. तिने सिलिंडरमागून पिशव्यांची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ही वस्तू कुठल्या मराठी घरात नसते? एका टम्म फुगलेल्या पिशवीत बाकीच्या सगळ्या, घड्या घालून, काहींचे तर समोसे केलेले. त्यात मुलीच्या बारशाच्या साडीचीसुद्धा पिशवी होती. ते दुकान बंद होऊनही जमाना झाला.

‘पालक फ्रिजमध्ये कशात ठेवू?’

‘निघेल काहीतरी मार्ग.’

‘म्हणजे मी काढायचा.’ मग मुलीकडे वळून, ‘बाबांना विचार, मटार-कोथिंबीर आणणं तत्त्वात बसतं का.’

मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. तत्त्व मध्ये आलं की आमचं बोलणं असं होतं, ठाण्याहून पनवेलला दादरमार्गे जावं तसं.

मी तणतणत स्कूटर काढली आणि जांभळी नाका गाठला. किलोभर मटार तोलून झाल्यावर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘पिशवी?’ कापडी पिशवी घरी, दारामागच्या खिळ्याला. मावशींनी इकडेतिकडे बघत गोणपाटाखालून एक पातळ काळी पिशवी अर्धीच बाहेर काढली.

‘नको. माझं तत्त्व आहे.’

‘मग घालू कशात? तत्त्वात?’

हेल्मेटमध्ये किलोभर मटार बसतो. शीग लागते, पण बसतो. फक्त मग डोकं उघडं पडतं, आणि उघड्या डोक्याने स्कूटर चालवणं कायद्यात बसत नाही. तेव्हा हेल्मेट पायापाशी ठेवून मी स्कूटर ढकलत निघालो. तलावपाळीवर तीन ओळखीचे भेटले. तिघांनीही विचारलं, ‘पेट्रोल संपलं?’ पहिल्याला मी तत्त्व सविस्तर समजावलं. दुसऱ्याला थोडक्यात. तिसऱ्याला म्हणालो, ‘हो ना, संपलं.’

घरी पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. बायकोने आधी हेल्मेट पाहिलं, मग मला.

‘कोथिंबीर?’

‘विसरलो.’

यावर ती चक्क हसली. हेल्मेट मांडीत घेऊन शेंगा सोलायला बसली. मीही समोर फतकल मारली.

‘मला काय प्लास्टिकचा पुळका आहे?’ ती म्हणाली. ‘एक पिशवी दहादा वापरते मी. धुऊन वाळत कोण घालतं त्या?’

मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाल्कनीच्या दोरीवर पिशव्या फडफडताना मी पाहत आलो होतो. त्या तिथे कशा जातात, हा प्रश्न काही पडला नव्हता. मी गुपचूप एक शेंग सोलली. आत चारच दाणे निघाले, तेही बारके.

सोमवारी ऑफिसला निघालो. तीन हात नाक्याच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत, उजव्या कानामागे, काहीतरी हळूहळू चालायला लागलं. मटारातली अळी. स्कूटर कडेला घेऊन मी बायकोला फोन लावला.

‘मारू नका हं,’ ती म्हणाली. ‘कागदावर घ्या.’