खेळाडूच्या बाजूने कोण बोलणार?

२००८च्या एप्रिलमध्ये मोहालीत हरभजनने श्रीशांतच्या थोबाडीत मारली, ती आपल्यापैकी कुणी टीव्हीवर पाहिली नव्हती. आपण पाहिला तो रडणारा श्रीशांत. आयपीएलचे तेव्हाचे प्रमुख ललित मोदी यांनी २०२५च्या ऑगस्टमध्ये ते जुनं चित्रीकरण बाहेर काढलं आणि आमच्या दादरच्या शाळेच्या ग्रुपवर सतरा वर्षांपूर्वीचा राग पुन्हा ताजा झाला. त्यात एकाने लिहिलं, ‘अमेरिकेत असता तर हा माणूस आयुष्यात परत मैदानावर दिसला नसता. तिकडे सिस्टिम आहे.’ आणि मग मला टॅग करून, ‘काय रे शिकागोकर, बरोबर ना?’

बरोबर नाही. म्हणजे सिस्टिम आहे, पण तुम्हाला वाटते ती नाही.

मुळात हरभजनला झालेली शिक्षा लहान नव्हती. सचिन जखमी म्हणून तो मुंबई इंडियन्सचा कप्तान होता. सामनाधिकारी होते आपले फारूख इंजिनियर. त्यांनी त्याला उरलेल्या मोसमातून बाहेर काढलं, म्हणजे ११ सामने. बोर्डाने वर पाच एकदिवसीय सामन्यांची बंदी घातली ती वेगळी. इथे अमेरिकेत आइस हॉकीत दोघांनी हातमोजे फेकून एकमेकांना बुकललं, की दोघांनी पाच-पाच मिनिटं बाहेर बसायचं आणि परत यायचं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, लहान पोरं बापाच्या खांद्यावरून बघतात. थोबाडीत मारण्याबद्दल ११ सामने म्हटलं तर इथला हॉकीवाला हसेल.

आता २०१४ची गोष्ट. रे राइस हा बाल्टिमोर रेव्हन्स या क्लबचा अमेरिकन फुटबॉलपटू. फेब्रुवारीत अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. तिला लिफ्टबाहेर ओढत आणतानाचं चित्रीकरण लगेच सगळ्यांनी पाहिलं. काय घडलं हे कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. तरी एनएफएल या फुटबॉल लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनी जुलैत शिक्षा दिली ती दोन सामन्यांची. बोंब झाली, तेव्हा ऑगस्टमध्ये चूक कबूल करून पुढच्यांसाठी सहा सामन्यांचा नियम केला. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रीकरण एका वेबसाइटने दाखवलं. त्याच दिवशी क्लबने त्याला काढलं आणि लीगने बेमुदत निलंबित केलं. गुन्हा तोच, माणूस तोच. फक्त तो आता दिसत होता.

राइस परत कधीच एनएफएलमध्ये खेळला नाही, त्यामुळे ग्रुपवरच्या मित्राचं म्हणणं वरवर खरं वाटेल. पण नोव्हेंबरमध्ये बार्बरा जोन्स या माजी न्यायाधीशांनी लवाद म्हणून ते निलंबन रद्द केलं होतं. राइसने लीगपासून काही लपवलं नव्हतं, मग एकाच कृत्याला दोनदा शिक्षा कशी, एवढाच त्यांचा मुद्दा. बंदी उठली आणि तरीही ३२ क्लबांपैकी एकानेही त्याला घेतलं नाही. एक तर ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि दुसरं, आदल्या मोसमात त्याचा खेळही घसरला होता. या दुसऱ्या कारणाबद्दल कुणी फार बोलत नाही.

ज्याचा खेळ घसरलेला नसतो त्याचं काय होतं, ते मी माझ्याच गावात पाहिलं. अरोल्डिस चॅपमन हा ताशी शंभर मैलांच्या वर चेंडू फेकणारा बेसबॉलचा पिचर. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या त्याच्या घरी भांडण झालं. मैत्रिणीने पोलिसांना सांगितलं की त्याने गळा दाबला. गॅरेजमध्ये त्याने आठ गोळ्या झाडल्या. खटला भरला गेला नाही. लॉस एंजेलिसच्या क्लबशी ठरत आलेला त्याचा सौदा ही बातमी फुटल्यावर मोडला आणि मग न्यूयॉर्कच्या यांकीजनी त्याला उचललं, नेहमीपेक्षा स्वस्तात. डागी माल सवलतीत मिळतो, तसा. मेजर लीग बेसबॉलने त्याला ३० सामने बाहेर बसवलं, अठरा लाख डॉलरच्या वर पगार बुडाला. जुलै २०१६ मध्ये यांकीजनी तोच खेळाडू आमच्या शिकागो कब्ज क्लबला विकला, या खेपेला भरपूर किंमत घेऊन.

कब्ज १०८ वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकले नव्हते. शहराला एवढंच दिसत होतं. एका चाहतीने मात्र ठरवलं, चॅपमनने सामना वाचवला की दर वेळी दहा डॉलर घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे, आणि पुष्कळ जणांनी तिचं अनुकरण केलं. माझ्या ऑफिसातली एक बाई त्यातली. टीव्हीवर चॅपमन धावत मैदानात आला की ती फोनमध्ये दहाचा आकडा टिपून ठेवायची, आणि शेवटचा गडी बाद झाला की सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडायची. मला तिच्यात ढोंग दिसलं नाही. नोव्हेंबरमध्ये कब्ज जिंकले, नदी निळी रंगवली, मिरवणूक निघाली, आम्हीही पोरांना घेऊन गेलो. डिसेंबरमध्ये यांकीजनी चॅपमनला परत घेतलं, पाच वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख डॉलरला.

तेव्हा नीतिमत्तेत इथल्या लीग आपल्यापेक्षा पुढे आहेत हे डोक्यातून काढून टाका. फुटबॉलपटू कॅल्विन रिडलीने पंधराशे डॉलरच्या आसपास पैज लावली, तर त्याचा २०२२चा अख्खा मोसम गेला. राइसला सुरुवातीला दोन सामने. पैजेने धंद्यालाच धक्का पोचतो, बायकोला मारल्याने फक्त बातमी येते, असा तो हिशेब. आणि त्याच लीगच्या सामन्यांत सट्टेबाजीच्या ॲपच्या जाहिराती धो धो वाहत असतात. आपल्याकडे त्या नव्हत्या असं नाही. ड्रीम इलेव्हनचं नाव २०२० मध्ये आयपीएलच्या आधीच लागत होतं.

मग मी हे सगळं पाहून काय शिकलो? शिक्षा कमी-जास्त होते, मालक स्वार्थी असतात, कमिशनर वारं बघून तोंड फिरवतो. हे दोन्हीकडे सारखंच. फरक एका ठिकाणी आहे. इथे शिक्षा देणाऱ्यासमोर खेळाडूच्या बाजूने बोलणारं कुणीतरी बसलेलं असतं. बेसबॉलचं घरगुती हिंसाचाराबद्दलचं धोरण २०१५ मध्ये आलं, ते लीग आणि खेळाडूंची युनियन यांनी मिळून लिहिलेलं. कोर्टात दोषी ठरला नाही तरी कमिशनर शिक्षा देऊ शकतो, हे युनियननेच मान्य केलंय. बदल्यात अपील बाहेरच्या लवादाकडे. फुटबॉलपटू डेशॉन वॉटसनवर दोन डझन महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावले, तेव्हा लीग आणि युनियन यांनी मिळून नेमलेल्या माजी न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी सहा सामने दिले आणि कारणं लिहून दिली. ती कारणं कुणीही वाचू शकत होतं. वॉटसनला त्या निकालात झोडलंच, पण लोकांच्या ओरड्यामुळे नियम मागाहून बदलता येत नाहीत, असं लीगलाही सुनावलं. लीग अपिलात गेली, शेवटी तडजोड ११ सामने आणि ५० लाख डॉलर दंडावर झाली. तोवर क्लबने २३ कोटी डॉलरचा करार करून पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम दहा लाखांच्या घरात ठेवला होता, म्हणजे निलंबनात बुडणार ते चिल्लर. चीड येते. पण चीड नेमकी कशाची यायला हवी ते कागदावर दिसतं.

आता आपल्याकडे या. २०१९च्या जानेवारीत हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमात बायकांबद्दल अचकट-विचकट बोलले. पाच दिवसांत निलंबन, ऑस्ट्रेलियाहून घरी. खार जिमखान्याने हार्दिकचं मानद सदस्यत्व काढून घेतलं. चौकशी कुणी करायची? बोर्डाच्या लोकपालाने. लोकपाल कुठाय? नेमायचाच होता. म्हणून २४ जानेवारीला निलंबन उठलं आणि हार्दिक न्यूझीलंडला संघात गेला. लोकपाल डी. के. जैन आले ते नंतर, आणि एप्रिलमध्ये दोघांना वीस-वीस लाख दंड झाला. शिक्षा आधी, चौकशी मग, चौकशी करणारा मधेच कधीतरी. त्यांचं बोलणं घाणेरडंच होतं, पण घाणेरडं बोलल्याची शिक्षा किती, हे कुठे लिहिलेलं होतं?

त्याच्या आदल्या वर्षी मोहम्मद शमीच्या पत्नीने त्याच्यावर मारहाणीसकट बरेच आरोप केले. ते खरे की खोटे हा कोर्टाचा विषय. बोर्डाने शमीचा करार रोखला आणि भ्रष्टाचारविरोधी विभागाकडे चौकशी दिली ती फक्त पैशांच्या आरोपाची. त्यात काही सापडलं नाही, करार मिळाला. मारहाणीच्या आरोपाचं बोर्डाने काय करायचं, याला उत्तरच नव्हतं. षटकं वेळेत टाकली नाहीत म्हणून हार्दिक २०२५च्या आयपीएलच्या पहिल्या सामन्याला बाहेर बसला, लिलावानंतर माघार घेतली तर हॅरी ब्रूकला दोन वर्षं बंदी. तिथे नियम चोख आहेत. सामना लांबला किंवा मालकाचं गणित बिघडलं, की नियम हजर.

पण मला सगळ्यांत जास्त खुपतं ते अंकित चव्हाणचं प्रकरण. मुंबईच्या रणजी संघातला डावखुरा फिरकीपटू, राजस्थान रॉयल्सकडून खेळणारा. १५ मे २०१३ला वानखेडेवर सामना झाला आणि त्या रात्री दिल्ली पोलिसांनी स्पॉट फिक्सिंगच्या आरोपाखाली श्रीशांत, चंडिला आणि त्याला उचललं. लग्न तोंडावर आलेलं. जामीन लग्नापुरता मिळाला. चार महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, बोर्डाने त्याला आणि श्रीशांतला आजन्म बंदी घातली. ती घालणाऱ्या शिस्तपालन समितीत बोर्डाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन होते. त्यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांना मे महिन्यातच आपल्या मुंबई पोलिसांनी सट्टेबाजीच्या आरोपाखाली पकडलं होतं. जावयांची चौकशी करायला बोर्डाने दोन निवृत्त न्यायाधीश नेमले, त्यांना काही गैर दिसलं नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरवली. गुरुनाथवर आजन्म बंदी यायला जुलै २०१५ उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीमुळे.

त्याच जुलैत दिल्लीच्या कोर्टाने चव्हाणला आरोपमुक्त केलं, पण बोर्डाची बंदी कायम राहिली. एवढ्यावरून मी बोर्डाला दोष देणार नाही. इथेही १९२१ मध्ये सामने विकल्याच्या खटल्यात ज्युरीने शिकागोच्या बेसबॉलपटूंना सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनरने आठ जणांना कायमचं हाकललं. फौजदारी पुरावा वेगळा, खेळाची शिस्त वेगळी. प्रश्न पुढचा आहे. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१९ मध्ये आजन्म बंदी उडवून घेतली आणि लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. चव्हाणची बंदीही सात वर्षांची झाली, पण तोवर २०२१ आलं होतं आणि ती सात वर्षं केव्हाच सरली होती. ज्याला दिल्लीपर्यंत लढायची ऐपत आहे, त्याला न्याय लवकर. बाकीच्याने अर्ज करत राहायचं. मैदानावर खेळून वाढलेल्या पोराला कांगा लीगचा सामनाही खेळता येत नाही, अशा काळात त्याच्या बाजूने बोर्डाशी बोलायला कोण होतं? घरचे आणि वकील.

भारतात खेळाडूंची संघटना २०१९ पासून आहे, पण ती निवृत्तांची. आज खेळणाऱ्याला ती दारं बंद.

हे ग्रुपवर लिहिलं तर लालबागच्या मित्राचं उत्तर आलं, ‘युनियन नको रे बाबा. ८२ चा संप विसरलास?’ विसरलो नाही, आमच्या चाळीतली अर्धी घरं त्यात बसली. पण इथेही १९९४ मध्ये बेसबॉलपटूंनी संप केला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच झाली नाही, लोकांनी शिव्या घातल्या. खेळ टिकला, युनियनही टिकली. आणि हो, युनियन नालायकालाही वाचवते. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून बेसबॉलपटू ट्रेव्हर बावरवर आलेली ३२४ सामन्यांची बंदी लवादाने १९४ वर आणलीच. मला ती किंमत मान्य आहे, कारण लॉस एंजेलिसच्या क्लबने त्याला तरीही काढून टाकलं आणि कुणाला किती शिक्षा झाली हे लोकांना कळलं.

बोर्ड हे आपणहून करणार नाही, तशी आशाही नाही. पण मुंबई क्रिकेट असोसिएशनची टी-ट्वेंटी लीग २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यात मैदानांवरची पोरं खेळतात, तिथले करार अजून पातळ आहेत. त्या करारात तीन कलमं घालायला कुणाची परवानगी लागू नये. निलंबनावर बाहेरच्या लवादाकडे अपील आणि निकाल कारणांसकट जाहीर. मारहाण, छळ, सट्टा, सगळ्याला काय शिक्षा ते लिलावाच्या आधी लिहून. आणि सुनावणीला खेळाडूंनी निवडलेला एक खेळाडू, अजून खेळत असलेला.