चलनात नाव आहे का?

या आठवड्यात दोन ओळखीच्या कारखानदारांनी एकच विचारलं, "माणसं ठेकेदाराकडून घेऊ, की सुटी, म्हणजे स्वतःच्या बिलावर काम करणारी?" फोनवर उत्तर लांबत गेलं, म्हणून इथे लिहितेय. भोसरीत पगार आणि लेबरचं काम बघण्यात माझी चौदा वर्षं गेलीत.

ठेकेदार नेमला की डोक्याचा ताप गेला, असं मीही समजायचे. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत व्हीएमसी मशीनवरचा, ठेकेदाराकडून आलेला पोरगा मोबाइल घेऊन टेबलाशी आला. पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला, पासबुकात पाच महिने एक रुपया नाही. मी तावातावाने फाइल काढली. ठेकेदाराने पीएफ भरल्याचं दर महिन्याचं चलन व्यवस्थित लावलेलं. सोबतची नावांची यादी मात्र आम्ही कधी मागितलीच नव्हती. मागवली, तर आमची अकरा पोरं त्यात नव्हतीच. चलन ठेकेदाराच्या दुसऱ्याच साइटचं! शेवटी पैसे आम्ही भरले. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं, नव्या कामगार संहितेतही आहे; पीएफचंही तसंच. नंतर त्याच्या बिलातून वळते करा म्हणे. बिल शिल्लक असेल तर ना!

मग सुटी माणसं? आमचा इलेक्ट्रिक पॅनेलचा वायरमन तसा आहे. स्वतःची हत्यारं, स्वतःचा रेट, चार कंपन्यांत फिरतो. बिल देतो, आम्ही १ टक्का टीडीएस कापून पैसे सोडतो. छान चाललंय. पण ज्याला रोज आठला पंच करायला लावता, ज्याच्यावर सुपरवायझर डाफरतो, त्याच्याकडून महिन्याला बिल घेतलं म्हणून तो सुटा होत नाही. उद्या प्रेस मशीनमध्ये त्याचं बोट गेलं, तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड कुठून आणणार? २१ हजारांपर्यंतच्या पगाराला मालकाचे सव्वातीन टक्के लागतात हो. तेवढे वाचवायला हा धोका?

माझं म्हणाल तर, बारमाही मशीनवरचा माणूस आपल्याच मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर घ्या. सीझनला दोन महिने जादा पोरं लागली, तर ठेकेदार ठीक. त्याच्या बिलावरच्या १८ टक्के जीएसटीचा बाऊ नको, त्याचं क्रेडिट मिळतं, आपल्या जीएसटीतून वजा होतं. फक्त त्याचा सर्व्हिस चार्ज घासाघीस करून पार खाली आणू नका. तो तूट पोरांच्या पीएफमधूनच भरून काढतो, हे मी बघितलंय.

आता चलनासोबतच्या यादीतली नावं हजेरीशी जुळल्याशिवाय मी बिल पुढे सरकवत नाही. परवा नवा ठेकेदार म्हणाला, "मॅडम, एवढा अविश्वास?" त्याच्यासाठी चहा मागवला. चहा संपायच्या आत यादी मेलवर आली.