‘खात्यापित्या घरच्या’ आजोबांचं उत्तर

‘स्पष्टवक्ता’ महाशय,

माझ्या हायस्कूलच्या आठवणींखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा नेहमीसारखी आणि एकदा, तुमच्या सूचनेप्रमाणे, चष्मा पुसून. मजकुरात काही फरक पडला नाही.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पन्नासच्या दशकातल्या साताऱ्याच्या शाळेवर मी जे लिहिलं ते म्हाताऱ्याचं गोडगोड गाणं आहे. वर्गात मुली किती आणि दलित मुलं किती, हे मी सोयीस्कर गाळलं. १९५१ च्या जनगणनेत शंभरात अठराच माणसं साक्षर होती, बायका तर शंभरात नऊही नाहीत. तेव्हा हायस्कुलात पोचलेला कुणीही नशीबवानच. आम्ही ‘छडी खाऊन मान खाली घालणारी पिढी’. जुनी मॅट्रिक म्हणजे आजचं बीए, ही थाप. आणि शेवटी: ‘आजोबा, चष्मा पुसा. खात्यापित्या घरच्या मुलांना सगळ्याच शाळा गोड लागतात.’

आधी ‘आजोबा’चं बघू. वय झालंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माझी नातवंडं आजोबा म्हणतात तेव्हा पुढे ‘चष्मा पुसा’ म्हणत नाहीत, स्वतः पुसून देतात. मुद्दा असेल तर मांडा की! टपली मारून मुद्दा मांडायची ही कुठली रीत? आमच्या वेळी... जाऊ द्या, हे वाक्य पूर्ण केलं तर तुम्हाला आणखी खाद्य मिळेल.

एक गोष्ट मान्य करतो. ‘तेव्हाचे सगळेच शिक्षक जीव ओतून शिकवायचे’ असं मी लिहिलं, त्यातला ‘सगळेच’ जरा सैल सुटला. आमचे ड्रॉइंगचे मास्तर फळ्यावर एक घडा काढायचे आणि तास संपेपर्यंत खुर्चीत डुलक्या घ्यायचे. घडा मात्र सुरेख असायचा.

आता खात्यापित्या घराकडे वळतो.

माझे वडील जावळी खोऱ्यातल्या एका गावात भिक्षुकी करायचे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, तीत घर गेलं. त्यावर मी आजवर लिहिलेलं नाही आणि तुम्ही डिवचलंत म्हणून आजही लिहिणार नाही. जमिनीचा तुकडा होता, तो पुढे कूळकायद्यात गेला. कसणारा दुसराच होता, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात दाणा कुठून यायचा, हा प्रश्न होताच. आठवीला मला साताऱ्यात आणून सोडलं. झोपायला ओळखीच्या एका वाड्यातला जिन्याखालचा कोपरा आणि जेवायला वार.

वार लावून जेवणं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे वार वाटून घ्यायचे. मला सगळे वार काही मिळाले नाहीत. शनिवार रिकामा होता म्हणून मी मारुतीचा उपास धरला. लोकांना वाटायचं, पोरगं काय भाविक आहे!

गुरुवारचं घर मोती चौकाच्या मागे होतं. घरच्या मुलांची पंगत आत बसायची, माझं ताट मागच्या पडवीत. पाट नव्हता, पोत्याची घडी असायची. आत पोळ्यांवर तूप फिरायचं, त्याचा वास पडवीपर्यंत यायचा. पोळी यायची ती कोरडी. त्या बाई कधी वाकडं बोलल्या नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. फक्त ‘आणखी वाढू का रे?’ हे त्या भाताचं भांडं उचलून आत नेता नेता विचारायच्या. मी ‘नको’ म्हणायचो. मग आपलं ताट आपण राखेनं घासायचं आणि तुळशीकट्ट्याशी पालथं घालून निघायचं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, माझ्या मागच्या बाकावर होता. शाळेत आम्ही दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्याला गणित यायचं नाही, मी दाखवायचो. बहुधा तेच आमचं देणंघेणं.

फी माफ होती, म्हणजे नादारी होती. ती फुकट मिळते असं तुम्हाला वाटत असेल. वडिलांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत घातलेले हेलपाटे सोडून द्या. शिपाई वही घेऊन वर्गात यायचा आणि नादारीच्या मुलांची नावं मोठ्यानं वाचली जायची. नाव आलं की उभं राहायचं, अख्ख्या वर्गानं बघायचं. नापास झालं की नादारी गेली आणि नादारी गेली की शाळा गेली. माझा नंबर वर असायचा, त्यात हुशारी किती आणि भीती किती, हे मला अजून सांगता येत नाही. शाईची गोळी सगळे दौतीत अख्खी विरघळवायचे, मी अर्धी. एका मास्तरांनी माझी फिकी वही वर धरून ‘हे बघा उपाशी अक्षर’ असा विनोद केला होता. वर्ग हसला, मीही हसलो.

आता सांगा महाशय, हे खातंपितं घर कुठलं? शाळा मला गोड लागली ती पोट भरलेलं होतं म्हणून नाही. दिवसभरात तेवढी एकच जागा होती जिथे मला आत बसवत होते.

यावर तुम्ही काय म्हणाल तेही ठाऊक आहे: वार तरी तुम्हाला मिळाले, इतरांना कोण देत होतं? बरोबर आहे. त्याच साताऱ्यात भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग होतं. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले होते. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, अंगमेहनत करून शिकायची. पोटभर नसेल, पण पडवीत नक्कीच नाही. वडिलांनी मला तिथे घातलं नाही. का, ते तुम्ही ओळखलं असेलच. त्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही, पण त्यांच्या वतीनं तुमच्यापुढे उभं राहून बोलणी खायचाही माझा इरादा नाही. तुम्ही ‘खात्यापित्या’ म्हणालात, त्याचं उत्तर दिलं. जातीचा विषय मोठा आहे, तो प्रतिक्रियेच्या चौकटीत उरकू नये.

मुली? होत्या, मोजक्या. मास्तरांच्या मागून वर्गात यायच्या, मास्तरांच्या मागून बाहेर जायच्या. अकरावीपर्यंत त्यातल्या एकीशीही मी बोललो नाही. मग त्यांच्या आठवणी मी कशा लिहू? त्यांच्या त्यांनी लिहाव्यात. जनगणनेचे आकडे बरोबर आहेत, पण मी जनगणनेचा अहवाल लिहीत नव्हतो.

‘मान खाली घालणारी पिढी’ हे मात्र सोडवत नाही. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं वाटेवर काळी निशाणं घेऊन माणसं उभी केली होती. शाळेनं सक्त ताकीद दिली होती, कुणी गेलं तर याद राखा. आम्ही काही जण ट्रकच्या टपावर बसून वाईच्या बाजूला गेलोच. छत्रीचं काळं कापड फाडून केलेलं निशाण माझ्या हातात होतं, आणि ती छत्री वाड्याच्या मालकांची होती. नेहरूंची गाडी केव्हा गेली ते गर्दीत कळलंही नाही. सोमवारी छड्या बसल्या. हात पुढे होता, मान कुठे होती ते तुम्ही ठरवा. माझी नादारी जाता जाता वाचली.

राहता राहिली मॅट्रिक. आम्ही मॅट्रिक नव्हतोच. ती आमच्या आधीच गेली होती, आम्ही अकरावीचे एस.एस.सी. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या खेर मंत्रिमंडळाच्या धोरणामुळे पाचवी ते सातवी इंग्रजी बंद होतं, त्यामुळे मिसरूड फुटायच्या वयात आम्ही ए-बी-सी-डी गिरवत होतो. आजच्या बीएशी बरोबरी माझ्या लेखात कुठेही नाही. ती तुमच्या वरच्या प्रतिक्रियेत दुसऱ्याच कुणीतरी केली आहे. भांडायचं तर त्यांच्याशी भांडा.

पुढचा भाग गॅदरिंग आणि एस.एस.सी.च्या निकालाचा, रविवारी टाकतो आहे. त्यावर जरूर लिहा, वाटेल तेवढं कडक लिहा, पण स्वतःच्या नावानं. टोपणनावाची प्रतिक्रिया या खेपेला मी प्रसिद्ध करणार नाही.